परात धरणारा हात

वहिनी पिशवीतून आधी परात काढते. मग बाजरीच्या पिठाचा डबा. मग जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, शिबिरात मिळालेला हात. तिन्ही वस्तू टेबलावर मांडून ती मागं सरकते आणि डाव्या हातानं उजवीकडचा पदर सारखा करते. त्या पदराखाली, कोपरापासून अर्ध्या वितीवर, तिचा हात संपतो.

"मॅडम फोनवर म्हणाल्या हुत्या, जे काम सगळ्यात जास्त अडतंय त्याचं सामान घेऊन या," ती टेबलापलीकडच्या मुलाला सांगते. "म्हणून आणलं."

मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्यासमोर लॅपटॉप आणि एक काळा हात. पाच सुटी बोटं, प्रत्येक बोटासाठी छोटी मोटर, सगळं थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून काढलेलं. त्यानं चाचणीसाठी एक चेंडू, पाण्याची बाटली आणि लाकडी ठोकळे मांडून ठेवलेत. तो परातीकडं बघतो, मग ठोकळे हळूच एका बाजूला सरकवतो.

फलटणहून पहाटेच्या एसटीनं आम्ही आलोय. लोणंद, जेजुरी, सासवड करत, दिवे घाट उतरून हडपसरला. पत्र्याच्या छपराचं हे वर्कशॉप एका गल्लीच्या टोकाला आहे. पुढच्या खोलीत पलंग, उभा आरसा आणि चालायच्या सरावाच्या दोन समांतर दांड्या. मागच्या खोलीत प्लास्टरची पांढरी भुकटी सगळ्यावर बसलेली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाय मी मोजते. एकोणीस. हात तीन.

हे प्रमाण बघून नवल वाटत नाही. पाय गमावणारे पुष्कळ, हात गमावणारे त्यामानानं थोडे. पण मला त्या भिंतीत आणखी काहीतरी दिसतं. 1968 साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी पाय घडवला, तेव्हा त्यांनी आपली माणसं कशी बसतात, उकिडवी कशी होतात, चिखलात अनवाणी कशी चालतात, हे बघून घडवला. म्हणून तो पाय शेतात गेला. हाताच्या बाबतीत ही विचारपूस आपल्याकडं अजून पुरती झालेली नाही. भाकरी कशी थापतात, धार कशी काढतात, निऱ्या कशा घालतात, हे हात बनवणाऱ्याला कुणीतरी बसून दाखवायला हवं. आज वहिनी त्यासाठीच आली आहे.

काका आतून येतात. साठीचे, हातावर प्लास्टर वाळून भेगाळलेलं. वानवडीत सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालेलं. तिथून निवृत्त झालेल्या एका उस्तादाच्या हाताखाली काका शिकले. त्यांच्या हातात आत्ता पारदर्शक प्लास्टिकचं एक भांडं आहे. भांडंच म्हणायचं. एका तोंडाला उघडं, आतून तंतोतंत वहिनीच्या हाताच्या आकाराचं. यालाच सगळे सॉकेट म्हणतात.

मागच्या मंगळवारी त्यांनी तिच्या हातावर सुती मोजा चढवला होता. कोपराच्या हाडांवर आणि दुखऱ्या जागांवर जांभळ्या पेन्सिलीनं खुणा केल्या आणि प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. कवच निघालं तेव्हा खुणा आतल्या बाजूनं उमटलेल्या होत्या. त्या कवचात प्लास्टर ओतून तिच्या हाताची प्रत झाली, आणि ती प्रत काका आठवडाभर कानशीनं घासत बसले. हाड आहे तिथं प्लास्टर वाढवायचं, मांस आहे तिथं उतरवायचं, म्हणजे त्यावर बनणारं सॉकेट हाडाला जागा देतं आणि मांसाला धरून ठेवतं.

"भार मांसानं घ्यायचा, ताई. हाडावर आला की तुम्ही हात काढून ठेवणार," काका म्हणतात, आणि खिशातून लिपस्टिक काढतात.

वहिनी दचकते. "माझ्या लग्नातबी लावली नव्हती."

काका तिच्या हाताच्या टोकाजवळ एका ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका देतात. कापलेल्या नसेचं टोक वाढून तिथं गाठ झाली आहे. नुसतं बोट टेकलं तरी झिणझिण्या जातात. ठिपक्यावरून सॉकेट चढतं, दाबलं जातं, निघतं. काका आतला भाग उजेडाकडं धरून बघतात. प्लास्टिकला लाल डाग लागलेला आहे. ते एक शब्द न बोलता मागच्या खोलीत जातात, गरम हवेच्या बंदुकीनं तेवढीच जागा मऊ करतात, अंगठ्यानं बाहेर ढकलतात, परत येतात. पुन्हा ठिपका, पुन्हा सॉकेट. आता डाग फिका आहे. पुन्हा मागची खोली. चौथ्या खेपेला प्लास्टिक स्वच्छ निघतं.

इतकी वर्षं मी या विषयावरच्या बातम्यांत बोटंच बघत आले. पेन धरणारी, अंडं उचलणारी, हस्तांदोलन करणारी बोटं. 2007 साली स्कॉटलंडच्या एका कंपनीनं पाचही बोटं वेगवेगळ्या मोटरवर चालणारा हात बाजारात आणला, तेव्हापासून तर बोटांचंच कौतुक. या वर्कशॉपात चौथ्यांदा येऊन बसल्यावर माझी नजर बोटांवरून या प्लास्टिकच्या भांड्यावर आली आहे. माणसाचा खरा हात मनगटापासून पुढं साधारण 400 ग्रॅमचा असतो. मोटरचा हात त्याच्या आसपास किंवा थोडा जास्त. तरी तो दुप्पट जड वाटतो, कारण खरा हात हाडाला बांधलेला असतो आणि हा कातडीला लोंबतो. उन्हाळ्यात कातडी घामेजते, सॉकेट फिरतं, घासतं. स्वीडनमध्ये 1990 पासून हाडातच टायटॅनियमची खुंटी रोवून त्यावर कृत्रिम अवयव बसवायची शस्त्रक्रिया होते आहे. पण फलटणच्या गोठ्यात आज तरी सगळा भरवसा काकांच्या अंगठ्यावर.

शिबिरातल्या हाताला असा अंगठा लागला नव्हता. एका माळेत सगळ्यांना एकाच मापाचे हात पट्ट्यांनी बांधून दिले, फोटो झाला, जेवण झालं. वहिनीनं तो बारा दिवस वापरला. मग तो दिवाणखान्यातल्या खुंटीवर गेला, आणि पाहुणे आले की माझा भाऊ तो कपाटात ठेवायला लागला.

मुलगा आता सॉकेटमधल्या दोन छिद्रांतून दोन इलेक्ट्रोड बसवतो, एक मनगट आत वळवणाऱ्या स्नायूवर, एक बाहेर वळवणाऱ्यावर. स्नायू आवळला की विजेचा अगदी बारीक, मिलिव्होल्टच्या आतबाहेरचा झिरपा कातडीपर्यंत येतो. तो हजारोपट मोठा करून मोटरला हुकूम द्यायचा. लॅपटॉपवर दोन रेषा सरकतायत, हिरवी आणि लाल.

"काकू, मनगट आत वळवा."

"कुठलं?"

मुलगा गोंधळतो. तेवढ्यात मॅडम खुर्ची ओढून वहिनीसमोर बसतात. वय तिशीच्या आतलं, कृत्रिम अवयवांची पदवी घेतलेल्या. "जे गेलं ते, ताई. तो हात तुम्हाला अजून जाणवतो का?"

वहिनी माझ्याकडं बघते, मग खाली. "जाणवतो. पर मूठ उघडत न्हाय. पेंढी धरलीया तशीच हाय. रात्रीची नखं रुततात."

दीड वर्षापूर्वी, संध्याकाळी, कडबा कुट्टीत ओली मका घालताना पेंढी अडकली, तिनं ती पुढं ढकलली आणि रुळांनी बांगड्यांसकट हात ओढून घेतला. रूळ उलटे फिरवायची दांडी मशीनच्या पलीकडच्या बाजूला होती. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मूठ अजून मिटलेलीच आहे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मी शेजारच्या खोलीत झोपत आले आहे.

मॅडम भिंतीवरचा छोटा आरसा उतरवून टेबलावर उभा करतात. वहिनीचा डावा हात आरशापुढं, उजवा मागं. आरशात डाव्या हाताचं प्रतिबिंब नेमकं उजव्याच्या जागी पडतं. सॅन दिएगोचे मेंदूविज्ञानी विलयनूर रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात ही साधी युक्ती वापरात आणली. सगळ्यांना तिचा गुण येतो असं नाही, मॅडम तसं आधीच सांगतात.

"दोन्ही मुठी घट्ट मिटा. आता दोन्ही उघडा. बघत राहा."

पहिल्यांदा काही होत नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा वहिनीचा श्वास मोठ्यानं बाहेर पडतो. "जरा सैल झाली, वन्सं," ती मला म्हणते. "करंगळी सुटली."

लॅपटॉपवर लाल रेषा डोंगरासारखी उठते आणि टेबलावरचा काळा हात उघडतो.

मुलगा आनंदानं टाळी वाजवतो. मग दुपारपर्यंत सराव. आत, बाहेर, आत, बाहेर. मागच्या खोलीत घासायचं मशीन सुरू झालं की रेषा थरथरायला लागते, कारण घरगुती विजेचं 50 हर्ट्झचं कंपनही इलेक्ट्रोड पकडतात. पंख्याखाली बसवलं की रेषा नीट, पंखा बंद केला की घामानं बिघडते. मुलगा प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहितो. पंखा बंद करून बघायचं त्याला सुचलं, हे मला फार आवडतं.

साडेअकराला एक दादा येतात, केबल बदलायला. चाकणला पॉवर प्रेसवर होते. सुट्या भागांच्या त्या कारखान्यात प्रेसचा सेन्सर बंद करून ठेवलेला होता, उत्पादन मंदावतं म्हणून. हात जाऊन सहा वर्षं झाली. ते शर्ट काढतात तेव्हा पाठीवर इंग्रजी आठाच्या आकाराचा पट्टा दिसतो. त्यातून निघालेली पोलादी तार कोपरावरून खाली, टोकाला दोन पात्यांचा हुक. खांदा पुढं केला की तार ताणते आणि हुक उघडतो. सैल सोडला की रबराची वेटोळी तो मिटवतात. लाकूड कापायच्या गिरणीत हात गमावलेल्या डोरन्स नावाच्या अमेरिकन माणसानं 1912 साली या हुकाचं पेटंट घेतलं. शंभर वर्षांहून जास्त काळ गेला तरी त्यात फारसं काही बदललेलं नाही.

"अरे, एक रुपया टाक टेबलावर," दादा मुलाला म्हणतात. मुलगा नाणं टाकतो. दादा ते गुळगुळीत सनमायक्यावरून पहिल्या झटक्यात उचलतात. मग काडेपेटी हुकात धरून काडी पेटवतात. मग कागदी कपातला चहा उचलतात, कप जराही चेपत नाही.

"हे कसं कळतं तुम्हाला? किती दाबायचं ते?" मुलगा वाकून विचारतो.

"खांद्याला कळतं. तार किती ताणली ते खांदा सांगतो. तुझ्या मोटरला काही सांगता येतं का मला?"

मुलगा मान हलवतो, नाही म्हणून. मग फोनवर एक व्हिडिओ काढून दाखवतो. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डस्टिन टायलर यांच्या चमूनं उरलेल्या हातातल्या नसांभोवती इलेक्ट्रोड बसवले आणि कृत्रिम बोटांवरचा दाब थेट नसांपर्यंत पोचवला. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. व्हिडिओत डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस चेरीचं फळ न चेंगरता देठ खुडतो आहे.

वहिनी फोन जवळ घेऊन बघते. "तव्याची धग कळंल का त्याला?"

"तेवढं अजून नाही, काकू."

"मग त्येच आधी करा म्हणावं."

दादा निघताना सांगतात की घरी त्यांच्याकडं सिलिकॉनचं आवरण असलेला दुसरा हातही आहे, हुबेहूब दिसणारा. तो लग्नकार्यात आणि मुलीच्या शाळेत पालकसभेला. "त्यानं काही उचलत नाही मी. पण तो घातला की लोक डोळ्यांत बघून बोलतात." कामाचा हात आणि दिसायचा हात एकाच हातात मावत नाही, आणि माणसाला दोन्ही लागतात. योजना आणि शिबिरं मात्र एकच देतात.

एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे. त्याला जन्मतः डावा पंजा नाही. आई हात घालायला विनवते, तो कोपऱ्यात बसून दात आणि उघड्या टोकानं बुटाची नाडी बांधतो, माझ्यापेक्षा झपाट्यानं. मॅडम आईला सक्ती करू देत नाहीत. त्याचं ते टोक त्याला स्पर्श देतं. ऊन-गार, मऊ-खरबरीत सगळं त्यातून कळतं, आणि सॉकेट चढलं की ते डोळे झाकल्यासारखं होतं. टोरांटोच्या एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी 2007 साली आधीच्या पंचवीस वर्षांतले अभ्यास एकत्र मांडले, त्यातले आकडे मॅडमना पाठ आहेत. प्रौढांमध्ये तारेचा हात सोडून देणारे सरासरी 26 टक्के, विजेवरचा सोडून देणारे 23. मुलांमध्ये 45 आणि 35. मला धक्का बसतो तो प्रौढांच्या दोन आकड्यांमधल्या अंतराचा. एवढ्या मोटरी, बॅटऱ्या, एवढा खर्च, आणि फरक जेमतेम तीन टक्क्यांचा.

जेवणं होतात. आता परात.

वहिनी जमिनीवर बसते. मुलगा टेबल पुढं करतो, ती नको म्हणते. भाकरीला जमिनीवरच बसायचं. पीठ, मीठ, कोमट पाणी. काळा हात सॉकेटला जोडलेला, सॉकेट तिच्या हाताला. ती लाल रेषेनं बोटं उघडते, परातीच्या कडेवर आणते, हिरव्या रेषेनं मिटते. टक्. धरली. सगळे वाकून बघतायत. डाव्या तळव्याच्या टाचेनं ती पीठ मळायला लागते. या दीड वर्षात परात भिंतीला टेकवून, कधी पायानं अडवून तिनं हे केलंय. पायाचं ती कुणाला बघू देत नसे. अन्नाला पाय लागतो म्हणून.

चार वेळा मळून होतं. पाचव्यांदा ती सगळा जोर लावते आणि काळा हात आपोआप उघडतो. परात गर्रकन फिरते, पीठ फरशीवर.

"म्या न्हाय उघडला!" वहिनी म्हणते.

मुलगा लॅपटॉपकडं धावतो. जोर लावताना आख्खं अंग ताठतं, त्यात उजव्या हाताचे उरलेले स्नायूही. रेषा वर गेली, मोटर तोच हुकूम समजली. खुर्चीत शांत बसून, ठोकळे उचलताना हे कधीच झालं नसतं. तो उंबरा वाढवतो, म्हणजे रेषा जास्त वर गेल्याशिवाय हात उघडणार नाही. आता धरून राहतो, पण सोडायला वहिनीला इतकं आवळावं लागतं की कपाळावर घाम येतो. तिसऱ्या प्रयत्नाला बोटांच्या सांध्यांत पीठ जाऊन अंगठा अडकतो.

कुणी कुणाला दोष देत नाही. काका मागच्या खोलीतून एक वस्तू घेऊन येतात. लोखंडी चिमट्यासारखी, रुंद तोंडाची, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. रात्रीच करून ठेवली असावी. मनगटाच्या जागी काळा हात पाव फेरा फिरवला की निघतो, हे त्याच खाचेत बसतं. मोटर नाही, वायर नाही. डाव्या हातानं एक दांडी दाबली की चिमटा परातीची कड धरतो आणि पुन्हा दाबेपर्यंत सोडत नाही.

वहिनी मळते. आता ती परातीकडं बघतसुद्धा नाही. मळता मळता मुलाला विचारते, "गाव कुठलं रं तुझं? आई काय करती?" पीठ गोळा होतं, ताटलीएवढं थापलं जातं, कड फिरते, पुन्हा थाप. वर्कशॉपात तवा नाही. भाकरी परातीत गोल, कच्ची, पडून राहते आणि आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहतो.

मुलगा काळा हात मांडीवर घेऊन बसला आहे. टूथब्रशनं सांध्यांतलं पीठ काढतोय. मधेच थांबून कुठल्या फटीत किती गेलं ते वहीत काढतो.

"पाण्यानं धुता यायला पायजे," वहिनी त्याला सांगते. "शेणाचा हात धुवावा तसा."

"हो काकू."

"आन् गोठ्यात लाईट जाते. चार्जिंग संपलं की हितंच धरून बसला तर?"

तो तेही लिहितो.

काका पंचा घेऊन येतात. "बघू आता," म्हणत सॉकेट हळू उतरवतात. खालची कातडी ओली, वाफाळलेली. दोन ठिकाणी लाल. एक आतल्या बाजूला मांसावर, एक कोपराच्या हाडावर. काका भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात. चारला वीस कमी. लाली दहा-पंधरा मिनिटांत उतरली तर सॉकेट बरोबर, राहिली तर पुढं तिथंच फोड येणार.

आम्ही थांबतो. मॅडम, मुलगा, काका, मी, सगळे त्या अर्ध्या वितीच्या हाताकडं बघत. वहिनी आधी लाजते, मग तीही बघायला लागते. मांसावरची लाली फिकी होत जाते, पुसल्यासारखी निघून जाते. हाडावरची तशीच आहे. घड्याळात चारला पाच कमी झालेत. काका कानावरची जांभळी पेन्सिल काढतात, तिचं टोक जिभेला लावून ओलं करतात आणि त्या लालीभोवती एक गोल काढतात.

"मंगळवारी या, ताई. परात इथंच राहू द्या."

"आन् घरी काय करू?" वहिनी म्हणते, आणि परात पिशवीत घालते.